कासारखिंडीतली इर्जिक

माझ्या नवऱ्याने अख्ख्या देवळांब शहराचं पाणी तोडलं, आणि तेही पोहे खाता खाता.

खरं तर तोडलं त्याच्या यंत्राने. पण यंत्राला शिव्या घालून समाधान होत नाही, नवऱ्याला घातल्या की जरा बरं वाटतं. सुमेधच्या मनगटावरची ती चपटी पट्टी थरथरली. त्याने पाहिलं, चमचा खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, "शलाका, कासारखिंडीची लाइन गेली."

"गेली म्हणजे?"

"बंद झाली. आपोआप. आकडा वर गेला."

"परत चालू कधी होणार?"

"आकडा खाली आला की."

"आणि तो खाली कधी येणार?"

"पाऊस पडला की," तो म्हणाला. एप्रिल अजून संपायचा होता.

मी देवळांब नगरपरिषदेची पाणीपुरवठा अभियंता. कासारखिंडीतून जाणारी उच्चदाबाची लाइन धरणावरच्या जॅकवेलला वीज देते, तिथले पंप पाणी उचलतात आणि ते पाणी आमच्या टाक्यांत पडतं. लाइन नाही तर पंप नाही, आणि पंप नाही तर नळातून नुसती हवा फुसफुसते. हे सगळं सुमेधला पाठ होतं, कारण लग्न झाल्यापासून तो रोज माझी कटकट ऐकत आलाय. मी पोह्यांची बशी तशीच टाकली आणि ऑफिसला पळाले.

आता हा आकडा काय प्रकार आहे, ते सांगते. झाड पाणी पितं म्हणजे मुळातून शेंड्यापर्यंत ओढून नेतं. खोडात केसाहून बारीक नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत पाण्याचा एक ताणलेला धागा असतो. पानांतून वाफ उडते, तसा तो धागा वर सरकतो. जमीन कोरडी पडली की ओढायला पाणी उरत नाही, ताण वाढत जातो आणि एका क्षणी धागा तुटतो. तिथे बुडबुडा शिरतो आणि टक् असा आवाज होतो. तो इतका वरच्या पट्टीतला असतो की आपल्या कानाला ऐकू येत नाही. पण सुमेधच्या वनस्पतिशास्त्राच्या टोळक्याने काडेपेटीएवढी यंत्रं बनवली आणि डोंगरभर झाडांच्या खोडांना बांधली. ती रात्रंदिवस हे टकटक मोजतात. पान वरून हिरवंगार दिसत असतं, तेव्हाच आतून झाड किती वाळलंय ते कळतं. त्यात वारा, उतार आणि ऊन मिसळलं की संगणक सांगतो, की आज इथे ठिणगी पडली तर वणवा कुठवर आणि किती वेळात जाईल. लोकांनी त्या यंत्राचं नाव ठेवलं किटकिट्या.

इथवर सगळं छान होतं. पण दोन वर्षांपूर्वी, दुष्काळाच्या पहिल्याच उन्हाळ्यात, पलीकडच्या खोऱ्यात उन्हाने लोंबलेली वीजवाहिनी वाऱ्याने हलली, फांदीला टेकली आणि दोन वाड्या जळून गेल्या. त्यानंतर कायदा झाला. किटकिट्याचा आकडा ठरलेल्या रेषेवर गेला की जंगलातली लाइन आपोआप बंद. मंत्र्याचा फोन चालणार नाही, अधिकाऱ्याची सही चालणार नाही. मी त्या दिवशी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्यांची लाइन बंद पडत होती तोवर मला तो कायदा फारच आवडायचा.

त्या सोमवारी दुपारी नगराध्यक्षांच्या दालनात बैठक झाली. टाक्यांतलं पाणी नुसतं प्यायला वापरलं तर शुक्रवारपर्यंत पुरणार होतं. धरणावर सौर पॅनल होती, पण तिसऱ्या वर्षीच्या दुष्काळात पाणी इतकं खाली गेलं होतं की त्यांच्यावर चालणाऱ्या लहान पंपांची ताकदच पुरेना. टँकर भरायचे तर आसपासच्या विहिरींचे तळ उघडे पडलेले. जिल्ह्याहून आदेश आला, की शुक्रवारी सकाळी बसगाड्या येतील, शहर रिकामं करा. लोकांना दोन जिल्हे ओलांडून छावणीत ठेवणार आणि पाऊस पडला की परत आणणार.

"एकदा हललेलं गाव परत येतं का हो, मॅडम?" नगराध्यक्ष अजिंक्य मगदूम म्हणाले. माणूस एरवी फार गडबड्या, भाषणबाज, पण त्या दिवशी त्यांचा आवाज बसला होता. "दुकानं मोडतील. पोरांच्या शाळा सुटतील. ज्याला जिथं काम मिळेल तिथंच तो राहील. गाव संपतंय बघा आपलं."

मग सगळ्यांना बाहेर घालवून ते जवळ आले. "आकडा तर घरचाच आहे ना तुमच्या? सुमेधरावांना म्हणावं, जरा खाली दाखवा."

मी तिथे त्यांना झापलं. आणि घरी येऊन नवऱ्याला नेमकं तेच म्हणाले.

"थोडा खाली दाखव ना रे. पाऊस पडेपर्यंत."

सुमेधला राग येत नाही, याचाच मला जास्त राग येतो. तो म्हणाला, "लाइनखाली हिरडेवाडी आहे, शलाका. ठिणगी पडली तर वणवा वाडीत पोचायच्या आत लोकांना घराबाहेर पडण्याइतकाही वेळ मिळणार नाही. मी आकडा खोटा दाखवू?"

"मग इकडे अख्खं शहर उठवतोयस, ते?"

"शहर उठेल. वाडी जळेल."

मी भांडं आपटलं. त्याचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, असल्या भांडणात काय करायचं हो माणसाने? मी गॅलरीत जाऊन बसले. रडू येत होतं, पण त्याच्यापुढे रडायचं नव्हतं. थोड्या वेळाने तो आला, शेजारी बसला आणि म्हणाला, "एक पळवाट आहे. म्हणजे पळवाट नाही, कायद्यातच आहे. लाइनखालचा पट्टा दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडा असेल, खाली नुसती माती असेल, तर ठिणगी पडून विझते. मग आकड्याची रेषा वेगळी लागते. आजचा आकडा त्या रेषेच्या खाली बसतो."

"मग तो पट्टा साफ केलेलाच आहे की! गेल्या साली ठेकेदाराने झाडं तोडली ना?"

"झाडं तोडली. फांद्या तिथेच टाकून गेला. वर्षभर वाळतायत. गुडघाभर सरपण पडलंय तारांखाली."

त्या ठेकेदाराला मी जे जे म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही.

मंगळवारी फोनाफोनी केली. सात किलोमीटरचा पट्टा. नवा ठेकेदार म्हणाला महिना लागेल. यंत्रं लावायची सोय नाही, कारण पातं दगडावर घासलं तरी ठिणगी उडते. पेटवून द्यायचा तर प्रश्नच नाही. हातांनी वेचायचं आणि वाहून न्यायचं, एवढाच मार्ग. शिवाय सुमेध म्हणाला, आकडा रोज थोडा चढतोय. गुरुवारी संध्याकाळपर्यंत झालं तर झालं, पुढे ती दुसरी रेषाही ओलांडली जाईल.

आणि मग आम्ही ती चूक केली, जी आमच्याकडे प्रत्येक नगरपरिषद करते. आम्ही श्रमदान ठेवलं.

बुधवारी सकाळी महाश्रमदान! सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज गेला. मगदूमसाहेबांनी रातोरात फ्लेक्स छापला, त्यात त्यांचाच फोटो सगळ्यांत मोठा. खिंडीत मांडव, नारळ, प्रास्ताविक, सत्कार. ऊन चढेपर्यंत भाषणं चालली. मग पाहुण्यांनी एकेक फांदी उचलून फोटो काढले, आणि फांद्या होत्या तिथेच परत ठेवल्या. खरं काम करणारे जेमतेम तीसचाळीस जण उरले, तेही नगरपरिषदेचेच कर्मचारी. दुपारपर्यंत दोन खांबांमधलं अंतरसुद्धा साफ झालं नाही.

हिरडेवाडीच्या सरपंच पारूमावशी झोरे बांधावर बसून हा तमाशा बघत होत्या. साठीच्या, खणखणीत आवाजाच्या. मी घाम पुसत त्यांच्यापाशी गेले.

"झालं तुमचं दान?" त्या म्हणाल्या.

"मावशी, टोमणे नका मारू. आधीच डोकं उठलंय."

"बरं, न्हाई मारत. पानी पिनार?"

मी खाली बसले आणि मला एकदम माझं माहेर आठवलं. आमच्याकडे कुणाची भांगलण, शेतातलं तण काढणं, अडली की तो इर्जिक घालायचा. ज्याची अडचण आहे त्याने स्वतः दारोदार जाऊन बोलवायचं. येणारा आपलं अवजार घेऊन येतो, मजुरी घेत नाही. बोलावणारा जेवू घालतो आणि उद्या समोरच्याच्या इर्जिकीला मान खाली घालून जातो. मेसेज पाठवून बोलावलेली इर्जिक मी जन्मात पाहिली नव्हती.

"मावशी, मी इर्जिक घालते," मी म्हणाले.

त्या हसल्याच. "शेरातल्या लोकांची इर्जिक? कुनी ऐकलीया का कदी? आनि तुला बोलवायची, तर तुझं शेत कुठं हाय इथं?"

"शेत नाही, पण अडचण माझी आहे. पाणी द्यायचं काम माझं आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग तोंडातलं पान थुंकून त्या हिशोबाला बसल्या. फांद्या वाडीत उतरवायला त्यांची माणसं मिळतील. तो सगळा पालापाचोळा वाडीच्या रानात रचून मातीखाली झाकायचा, म्हणजे आकडा उतरल्यावर त्यांना भाताच्या रोपांची जमीन भाजायला, राबाला, कामी येईल. झाडं तोडायला बंदी आल्यापासून वाडीला राबाला पाला मिळत नव्हता. "आनि लावनीला आमी इर्जिक घातली," त्या बोट उगारून म्हणाल्या, "तर तुमचं शेर चिखलात उतरल पायजे. नगराध्यक्षासकट. हाय कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. मगदूमसाहेबांना न विचारताच.

त्या दुपारी मी देवळांबच्या गल्ल्यांतून फिरायला लागले. तेव्हा मी शहरातली सगळ्यांत नकोशी बाई होते. लोक मला बघून दारं लावतील असं वाटत होतं. पहिलं दार नलावडे सरांचं. निवृत्त मुख्याध्यापक, माझ्याविरुद्ध सगळ्यांत जास्त तक्रारी त्यांच्याच. मी हात जोडले. "सर, उद्या खिंडीत माझी इर्जिक आहे. कोयता, दाताळं, जे असेल ते घेऊन या."

सर चष्म्यावरून बघत राहिले. "आत या आधी. अगं, मॅडमना पाणी आण."

आणि त्यांच्या सुनेने पाणी आणलं. चहाच्या कपात, अर्धा कप. घरात आलेल्याला आधी पाणी विचारायचं, ही आपल्या लोकांची सवय. त्यांच्या घरातला हंडा मला दिसत होता, तळाला गेलेला. मला घोट घशाखाली उतरवता येईना आणि नाही म्हणताही येईना. मी एवढी लाजले, एवढी लाजले, की काय सांगू! पाणी बंद होऊन तिसरा दिवस, आणि पाणीवालीला पाणी देतायत.

"मी येईन," सर म्हणाले. "पण तक्रारी मागे घेणार नाही."

"नका घेऊ, सर. तुम्ही फक्त या."

प्रत्येक दारात तेच झालं. मुजावर गल्लीत शबानाभाभींनी मला उभं आडवं झापलं, बाळाचे लंगोट धुवायला पाणी नाही म्हणून, आणि झापता झापता वाटीत पाणी पुढे केलं. मंडईतले हमाल म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथवर चालत आलाय, आता काय बोलायचं राहिलं?" अंधार पडेपर्यंत माझे पाय भरून आले. माझ्या मागोमाग आमचा पाणी सोडणारा वॉलमन इब्राहिम मुल्ला निघाला होता. तो दुसऱ्या बाजूची दारं वाजवत होता. कोण येतो म्हणालं आणि कोण नाही, ते आम्ही मोजलंच नाही.

मग जेवणाचा घोळ. इर्जिक घालायची आणि जेवायला द्यायचं नाही, असं कसं चालेल? पण भाकरीचं पीठ मळायला पाणी कुठाय? खिंडीत चूल पेटवली तर सुमेधचा किटकिट्या बोंब मारणार. शेवटी शबानाभाभींनीच मार्ग काढला. "भडंग करू. त्याला तेल लागतं, पाणी नाही." गुरुवारी पहाटे निम्म्या शहरात चुरमुऱ्यांना लसूण-मिरचीची फोडणी बसली. सगळ्या गल्ल्यांतून ठसका उठत होता.

सूर्य वर यायच्या आत मी खिंडीत पोचले. रस्ता रिकामा होता. सुमेध नुसता माझा हात धरून उभा होता.

मग खालच्या वळणावरून धूळ उठली. ट्रॅक्टर, टेम्पो, मोटरसायकली, चालत येणारी माणसं. हमाल, मास्तर, शिंपी, कॉलेजची पोरं, पदर खोचलेल्या बायका. प्रत्येकाच्या खांद्यावर काहीतरी होतं आणि प्रत्येकाच्या हातात आपापल्या वाटणीच्या पाण्याची बाटली. घरातलं शेवटचं पाणी घेऊन लोक माझ्या कामाला आले होते. मी आनंदाने ओरडलेच, "अरे या या या!" आणि पारूमावशी पलीकडून ओरडल्या, "आली गं बाई, शेरातली इर्जिक आली!"

काम असं पेटलं म्हणून सांगते! दोन खांबांमधला एकेक टप्पा एकेका गल्लीने घेतला. दाताळ्यांनी पाला ओढायचा, बुट्टीत भरायचा, हातोहात खाली द्यायचा. वाडीची माणसं तो उतारावरून रानात नेत होती. गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली. "मंडईवाले, झोपलात का?" "तुमचा खांब बघा आधी, सोनारगल्ली!" मगदूमसाहेब पांढऱ्याशुभ्र शर्टात आले, आणि बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात पारूमावशींनी त्यांच्या हातात बुट्टी दिली. दुपारपर्यंत त्यांचा शर्ट मातीच्या रंगाचा झाला होता आणि ते खरंच खूष दिसत होते.

उन्हात लोक सावलीला बसून भडंग खात होते. बाटलीच्या टोपणाने मोजून पाणी पीत होते, शेजाऱ्यालाही देत होते. सुमेध म्हणाला, "आकडा चढतोय. संध्याकाळच्या आत उरकायला हवं."

अडलं ते वाघदऱ्यात. तिथे उतार इतका उभा की पाय ठरेना, आणि नेमका तिथेच ठेकेदाराने सगळ्यांत जास्त माल टाकलेला. कुणीतरी दोर बांधला. मग सगळ्या गल्ल्या आपापलं काम संपवून तिथे जमा झाल्या आणि दऱ्याच्या तळापासून वरपर्यंत माणसांची साखळी झाली. नलावडे सरांच्या हातून फांदी हमालाच्या हातात, हमालाच्या हातून शबानाभाभींच्या, तिथून मगदूमांच्या, तिथून माझ्या. माझे तळवे सोलून निघाले. ऊन कललं तेव्हा तळाची लाल माती दिसायला लागली, आणि एकच कल्लोळ झाला.

"थांबा," सुमेध म्हणाला. "पट्टा मोकळा झाल्याचं प्रमाणपत्र मी अजून दिलेलं नाही."

त्याने ड्रोन उडवला. खिंडीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, खांबामागून खांब. लोक माना वर करून बघत उभे. बराच वेळ गेला. मग तो माझ्याकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, "चौथ्या खांबाच्या मागे एक ढीग राहिलाय. आपल्याच गल्लीचा."

"अरे, एवढासा तर आहे!"

"ठिणगीला एवढासा पुरतो."

सगळ्या शहरासमोर! माझा स्वतःचा नवरा! मी दात ओठ खात चौथ्या खांबापाशी पळाले. माझ्यामागे अख्खी गल्ली धावली आणि आम्ही तो ढीग अक्षरशः झाडून नेला. परत आले तेव्हा सुमेध हसत होता. त्याने मनगटावरच्या पट्टीवर बोट टेकवून प्रमाणपत्र दिलं.

डोक्यावरच्या तारांतून गुंई असा आवाज सुरू झाला. थोड्याच वेळात इब्राहिमचा जॅकवेलवरून फोन आला. तो बोलत नव्हता, त्याने फोन पंपाजवळ धरला होता. मी तो स्पीकरवर टाकला आणि पंपांची घरघर सगळ्या खिंडीने ऐकली. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. नलावडे सर रुमालात तोंड लपवून रडत होते. मी सुमेधचा गालगुच्चा घेतला, सगळ्यांदेखत.

तरी माझ्या जिवाला थारा नव्हता. शुक्रवारी सकाळी मी परत खिंडीत गेले, सुमेधबरोबर. वारा सुटला होता. तारा हेलकावे खात होत्या. आणि दहाच्या सुमाराला, वाघदऱ्यावर, दोन तारा एकमेकींच्या जवळ आल्या, फाड्कन आवाज झाला आणि ठिणग्यांचा एक झुबका खाली कोसळला. सुमेधने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

ठिणग्या उघड्या मातीवर पडल्या. लाल झाल्या, काळ्या झाल्या आणि विझल्या. खाली हिरडेवाडीत कुणीतरी अंगणात कपडे वाळत घालत होतं. त्या बाईने वर बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात इब्राहिमचा फोन आला.

"मॅडम, स्टँडवर आहे मी. छावणीच्या बसगाड्या येऊन थांबल्यात, भली मोठी रांग आहे. पण चढायला कुणीच येईना. ड्रायव्हर विचारतायत, आता काय करायचं?"

"स्टँडच्या नळाला पाणी आहे?"

"आहे की! धो धो आहे."

"मग त्यांना म्हणावं, बाटल्या भरून घ्या," मी म्हणाले, "आणि गाड्या रिकाम्या घेऊन जा."